धनुर्वाताचा माग : प्रस्तावना

धनुर्वाताच्या जिवाणूला माणसाची गरज नाही. देवी, गोवर, पोलिओ यांचे विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेल्याशिवाय तग धरत नाहीत. क्लोस्ट्रिडियम टेटॅनी मात्र शेतात, अंगणात, गोठ्यात, रस्त्याकडेच्या धुळीत, गुराघोड्यांच्या आतड्यांत आणि शेणालिदीत राहतो. माणूस पृथ्वीवर आलाच नसता तरी त्याचे काही अडले नसते. पायात काटा मोडतो, विळ्याने बोट कापते, बाळाची नाळ मळक्या पात्याने तोडली जाते, आणि तो अपघाताने आत येतो. ज्या शरीरात येतो तिथेच त्याची वाट संपते. धनुर्वाताच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला त्या रुग्णापासून धनुर्वात होत नाही.

या एका गोष्टीतून पुढचे फार काही निघते. गावातल्या पुरेशा मुलांना गोवराची लस दिली की राहून गेलेल्या मुलालाही आडोसा मिळतो, कारण विषाणूची वाटच अडते. धनुर्वातात असा आडोसा कोणालाच नाही. नव्याण्णव जणांनी लस घेतली तरी शंभराव्याचा धोका तसूभर कमी होत नाही. माती कोणी निर्जंतुक करू शकत नाही, त्यामुळे देवीसारखा हा रोग जगातून नाहीसाही करता येणार नाही. संरक्षण एकेका माणसापर्यंत नेऊन पोहोचवावे लागते आणि दर पिढीला पुन्हा पोहोचवावे लागते. धनुर्वाताचे आकडे वाचताना मला म्हणूनच रोगापेक्षा समाज जास्त दिसतो. त्यांत कोणापर्यंत आपण गेलो नाही याची नोंद असते.

हे पुस्तक या जिवाणूच्या, त्याच्या विषाच्या आणि त्या विषाने गाठलेल्या रुग्णांच्या संशोधनाबद्दल आहे. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत अभ्यासल्या जातात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, चेताशास्त्रज्ञ आणि वॉर्डातले डॉक्टर एकमेकांची नियतकालिके क्वचितच वाचतात. पण धनुर्वाताची गोष्ट त्यांना एकत्र ठेवल्याशिवाय कळत नाही.

आधी गंजक्या खिळ्याबद्दल. गंजाचा यात काही दोष नाही. खिळा खोल जातो, सोबत माती नेतो आणि वरची कातडी लगेच मिटते, एवढेच त्याचे काम. या जिवाणूला प्राणवायू सोसत नाही. उघड्या, भळभळत्या जखमेत त्याला वाढता येत नाही. चेंगरलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या मांसात त्याला हवे ते मिळते. प्रतिकूल काळात तो बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षे पडून राहतो आणि काही मिनिटांच्या उकळण्यालाही दाद देत नाही. बीजाणू एका टोकाला धरलेला हा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली ढोल वाजवायच्या टिपरासारखा दिसतो. ज्या जखमेतून तो येतो ती बहुधा किरकोळ असते, इतकी की काही रुग्णांत शोधूनही सापडत नाही. मोठ्या जखमेला माणूस दवाखान्यात जातो. काट्याला जात नाही.

रोग हजारो वर्षे माहीत होता. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांत त्याची वर्णने आहेत, सुश्रुतसंहितेतही आहेत. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल याने 1809 मध्ये, कोरुन्याच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना, मानेपासून टाचेपर्यंत मागे वाकलेल्या एका देहाचे चित्र काढले. त्या चित्राइतके तंतोतंत वर्णन शब्दांत करणे मला शक्य नाही. पण रोग येतो कुठून, हे 1884 पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वर्षी इटलीत तुरिन इथे अँतोनियो कार्ले आणि जॉर्जो रात्तोने यांनी धनुर्वाताने मेलेल्या माणसाच्या पुवातून सशांना हा रोग देऊन दाखवला. त्याच वर्षी जर्मनीत ग्योटिंगेनला आर्थर निकोलायर या तरुण डॉक्टरने प्राण्यांना माती टोचली आणि त्यांना धनुर्वात झाला. रोगाचा पत्ता सापडला. निकोलायरला तो बारीक जिवाणू दिसलाही, पण इतर जिवाणूंच्या गर्दीतून वेगळा काढता आला नाही. हाच निकोलायर 1942 मध्ये, वृद्धपणी, बर्लिनमधल्या ज्यूंची छळछावणीकडे रवानगी सुरू असताना, स्वतःची पाळी आल्याचे कळल्यावर आत्महत्या करून गेला. धनुर्वातावरच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव एका ओळीत येते. ते वाचताना हे माहीत असावे असे मला वाटते.

जिवाणू वेगळा काढला तो शिबासाबुरो कितासातो या जपानी संशोधकाने, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत, 1889 साली. हा जिवाणू इतरांच्या सोबतीशिवाय वाढतच नाही, असे तेव्हा काही नामांकित मंडळी म्हणत होती. कॉखच्या पठडीत तयार झालेल्या कितासातोला ते पटेना. एक जिवाणू, एक रोग, आणि तो जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवायचा, हा तिथला नियम. त्याने पू 80 अंश सेल्सियसवर तापवला. साधे जिवाणू मेले, बीजाणू तगले. मग ते त्याने प्राणवायू काढून हायड्रोजन भरलेल्या भांड्यात वाढवले. इतके साधे. या रोगाच्या संशोधनात पुढेही हे पुन्हा पुन्हा दिसते: उत्तर साधे असते, पण आधी कोणीतरी जाणत्यांचे म्हणणे नाकारावे लागते.

शुद्ध जिवाणू हाती आल्यावर एक विचित्र गोष्ट स्पष्ट झाली. तो जखमेच्या जागेवरून हलत नाही. रक्तात नाही, मेंदूत नाही, मज्जारज्जूत नाही. मग पायाला जखम झालेल्या माणसाचा जबडा का आवळतो? जिवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही प्राण्यांना धनुर्वात झाला, तेव्हा उलगडा झाला. काम विषाचे आहे. 1890 च्या डिसेंबरात एमिल फोन बेरिंग आणि कितासातो यांनी जाहीर केले की, या विषाविरुद्ध तयार केलेल्या सशाचे रक्त उंदराला दिले तर उंदीर वाचतो. रक्तात प्रतिविष असते आणि ते एका शरीरातून दुसऱ्यात देता येते. आजच्या सगळ्या प्रतिपिंडविज्ञानाचा उगम या काही पानांच्या निबंधात आहे. 1901 चे पहिले वैद्यकातले नोबेल बेरिंगला मिळाले, घटसर्पावरच्या कामासाठी. कितासातोला मिळाले नाही.

विषाचा पुढचा माग चेताशास्त्रज्ञांनी काढला, आणि माझ्या मते तो या पुस्तकाचा सर्वांत सुंदर भाग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कळले होते की विष स्नायूत शिरलेल्या चेतातंतूच्या टोकाशी पकड घेते आणि तंतूच्या आतून उलट दिशेने मज्जारज्जूकडे जाते. चेहऱ्याचे आणि जबड्याचे चेतातंतू आखूड असल्याने तिथली लक्षणे आधी दिसतात, म्हणून दातखीळ पहिली. तिथे पोहोचून ते काय करते? आपण कोपर दुमडतो तेव्हा पुढचा स्नायू आकसतो आणि त्याच क्षणी मागच्याला सैल पडण्याचा हुकूम मिळतो. हे थोपवणे चालू आहे म्हणून आपण चालतो, लिहितो, घास गिळतो. चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1905 मध्ये दाखवले की धनुर्वाताच्या विषाने हे थोपवणेच उलटते. ज्या स्नायूने सैल पडायचे तोही आकसतो. त्यांचे शिष्य जॉन एकल्स आणि सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात कॅनबेरात मज्जारज्जूतल्या पेशींमध्ये सूक्ष्म विद्युतअग्रे घालून सिद्ध केले की विष नेमके थोपवणाऱ्या चेतापेशींचे संदेश बंद पाडते. मग 1992 साली इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या जांपिएत्रो स्क्याव्हो, चेझारे मोंतेकुक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटची कडी जुळवली. विषाचा हलका भाग म्हणजे जस्तयुक्त कात्री. ती चेतापेशीतल्या सिनॅप्टोब्रेव्हिन नावाच्या एका प्रथिनाला एकाच ठरावीक ठिकाणी कापते, आणि रासायनिक संदेश बाहेर सोडणारी यंत्रणा ठप्प होते.

बोट्युलिनम विषाचा एक प्रकार हेच प्रथिन याच ठिकाणी कापतो. तरी त्याचा रुग्ण लुळा पडतो आणि धनुर्वाताचा रुग्ण ताठतो. फरक फक्त जागेचा: एक विष स्नायूच्या दाराशी थांबते, दुसरे मज्जारज्जूपर्यंत जाते.

माणसाला मारायला शरीराच्या दर किलोमागे सुमारे 2.5 नॅनोग्रॅम विष पुरते असा अंदाज आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या थोड्या विषाची शरीराच्या संरक्षक यंत्रणेला दखलही घेता येत नाही. म्हणून धनुर्वातातून उठलेला माणूस पुन्हा धनुर्वाताने पडू शकतो. बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस द्यावी लागते, आणि घाईगर्दीच्या वॉर्डांत नेमके हेच विसरले जाते.

आता मुंबई. या रोगाच्या इतिहासात परळचा एक पट्टा असा आहे की त्यावर वेगळे प्रकरण लिहिल्याशिवाय राहवले नाही. वाल्देमार हाफकिन यांनी 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली, आधी स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा हलली. तिथून लस देशभर जाई. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना ती टोचली गेली. त्यांतल्या 19 जणांना आठवड्याभराने धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सगळे मेले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले, आणि चौकशी आयोगानेही बाटली परळमध्येच दूषित झाल्याचा निष्कर्ष काढला.

निष्कर्ष चुकीचा होता, आणि तो चुकीचा कसा हे जिवाणूच्या स्वभावातून कळते. बाटली मुलकोवालला उघडण्याआधी कित्येक आठवडे भरून ठेवलेली होती. त्या काळात आत जिवाणू वाढला असता तर विष आधीच साचले असते आणि रुग्ण लवकर ताठले असते. उघडताना दुर्गंधीही सुटली असती. तसे घडले नाही. पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही साक्ष नोंदीतच होती. मलेरियावरच्या कामासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि आणखी काही शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समधून ही बाजू मांडली, तेव्हा हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला. पाच वर्षे गेली होती. 1925 मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. मुलकोवालच्या त्या एकोणीस जणांची नावे कुठल्याही इमारतीवर नाहीत. प्लेगपासून वाचण्यासाठी विश्वासाने दंड पुढे केलेली ती माणसे होती, आणि सुई-चिमट्याच्या स्वच्छतेबद्दल आज आपण जे नियम गृहीत धरतो त्यांच्यामागे अशी मरणे आहेत.

त्याच परळमध्ये, केईएम रुग्णालयात, पुढे धनुर्वाताचे रुग्ण शेकड्यांनी येत राहिले. युरोपातल्या डॉक्टरला आख्ख्या कारकिर्दीत जितके दिसत नसत तितके इथे एका मोसमात दिसत. या दुर्दैवी अनुभवातून मुंबईच्या डॉक्टरांनी जगाला उपयोगी पडणारे शास्त्र घडवले. जे. सी. पटेल आणि जी. जी. जोग यांनी 1959 मध्ये रुग्णाची तीव्रता ठरवायला पाच खुणा सुचवल्या: दातखीळ, झटके, जखमेपासून लक्षणांपर्यंत सात दिवस किंवा कमी, पहिल्या लक्षणापासून पहिल्या झटक्यापर्यंत 48 तास किंवा कमी, आणि दाखल होतानाचा ताप. जितक्या खुणा तितकी श्रेणी वरची. यंत्र नको, रक्ततपासणी नको; घड्याळ, थर्मामीटर आणि नातेवाइकांना नीट विचारलेले प्रश्न पुरेसे. एन. एम. आपटे आणि डी. आर. कर्नाड यांची 1995 मधली चमचापट्टीची चाचणी याच परंपरेतली. घशाच्या मागच्या भिंतीला पट्टी लावली की निरोगी माणूस ओकारी देऊन ती बाहेर ढकलतो. धनुर्वाताचा रुग्ण ती दातांत घट्ट चावून धरतो. शंभरांतल्या सुमारे 94 रुग्णांत ही चाचणी रोग ओळखते. ज्या रोगाचे निदान आजही प्रयोगशाळेत होत नाही, जखमेतला नमुना वाढवला तरी जिवाणू अनेकदा सापडत नाही, त्याच्यासाठी ही लाकडी पट्टी किती मोलाची आहे हे तालुक्याच्या रुग्णालयात काम केलेल्यांना सांगायला नको.

रुग्णाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. धनुर्वातात शुद्ध हरपत नाही. दार आपटले, दिवा लागला, कोणी पायाला हात लावला, की सगळे अंग कमानीसारखे ताठते, आणि ते सोसणारा माणूस पूर्ण जागा असतो. म्हणून या रुग्णांना अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवतात. पूर्वी झटक्यात श्वास अडकून मरण येई. 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने धनुर्वात झालेल्या एका तान्ह्या बाळाचे स्नायू औषधाने सैल करून हाताने श्वास दिला. काही आठवड्यांतच तिथे पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा मोगन्स ब्यॉर्नेबो या डॉक्टरला तो प्रयत्न आठवला आणि त्याने इब्सेनला बोलावणे धाडले. त्यातून अतिदक्षता विभाग जन्माला आले. आज हृदयविकारापासून अपघातापर्यंत प्रत्येक रुग्ण ज्या विभागात नेला जातो, त्याच्या मुळाशी धनुर्वाताचे एक बाळ आहे.

श्वासाची सोय झाली तेव्हा मरणाचे दुसरे कारण दिसू लागले. विष स्वायत्त चेतासंस्थेवरची रोकही उठवते, आणि रक्तदाब तासाभरात शिखरावर जाऊन दरीत कोसळतो. मुंबईत फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्ताभिसरणाचा बारकाईने केलेला अभ्यास आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ आजही आधाराचा आहे. उपचाराचे तपशील आत येतीलच. इथे इतकेच की विष एकदा चेतापेशीत शिरले की प्रतिविषाचा हात तिथे पोहोचत नाही. जखम साफ करणे, रक्तात उरलेले विष निष्प्रभ करणे, आणि नवी जोडणी उगवेपर्यंत कित्येक आठवडे माणसाला जिवंत ठेवणे, एवढेच हाती असते.

लसीबद्दल लिहिताना मात्र मला शांतपणे लिहिता येत नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये 1920 च्या दशकात गास्तों रामों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉर्मालिन आणि उष्णता वापरून विषाचा दंश काढून टाकला आणि टॉक्सॉइड बनवले. टी.टी.चे इंजेक्शन ते हेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सगळ्या सैनिकांना ते दिले, आणि लाखो जखमींमध्ये धनुर्वाताचे रुग्ण निघाले अवघे 12. इतकी परिणामकारक लस हातात होती. आईला ती दिली तर प्रतिपिंडे वारेतून बाळात जातात आणि नाळेतून येणारा धनुर्वात टळतो, हे न्यू गिनीतल्या अभ्यासाने 1961 मध्ये दाखवले. नवजात धनुर्वाताचे निर्मूलन करावे असा ठराव जागतिक आरोग्य सभेने केला तो 1989 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी या रोगाने जगभरात सुमारे 7,87,000 नवजात बालके दगावल्याचा अंदाज होता. सैनिकापासून बाळंतिणीपर्यंत यायला लसीला चार दशकांहून अधिक काळ लागला. शास्त्र अपुरे होते म्हणून नव्हे.

नवजात धनुर्वाताची वैद्यकीय व्याख्या वाचली की पोटात कालवते: पहिले दोन दिवस नीट दूध ओढणारे बाळ तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसादरम्यान दूध ओढेनासे होते आणि ताठते. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावर एकोणिसाव्या शतकात निम्म्याहून अधिक बाळे अशी जात, आणि लोक त्याला आठ दिवसांचा आजार म्हणत. 1890 च्या दशकात तिथल्या धर्मगुरूने निर्जंतुक बाळंतपणाची रीत शिकून आणली आणि ही मरणे थांबली. आपल्याकडे पाचव्या-सहाव्या रात्री बाळाच्या उशाशी सटवाईची पूजा मांडतात, रात्रभर जागतात. ज्या दिवसांत नाळेच्या जखमेतून विष पसरून बाळ ताठते तेच हे दिवस. यांत काही नाते असावे असे माझे अनुमान आहे. त्या जागरणात आजीच्या डोळ्यांत असलेली भीती खोटी नव्हती, हे मात्र नक्की. नाळेला राख किंवा शेण लावणाऱ्या सुईणींना दोष देणारे खूप लिहिले गेले. त्यांना स्वच्छ ब्लेड, साबण आणि उकळलेला दोरा देणारे उशिरा आले, पण आले, आणि त्यांतल्या बहुतेक आमच्या खेड्यापाड्यांतल्या नर्सबाई आणि आशाताई होत्या. 2015 मध्ये भारतात माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. निर्मूलन म्हणजे शून्य नव्हे, आणि माती आहे तिथेच आहे.

या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण मोठ्या माणसांबद्दल आहे. राष्ट्रीय वेळापत्रकात बाळांना डोस आहेत, 10 आणि 16 वर्षांच्या मुलांना टी.डी. (धनुर्वात-घटसर्पाची जोडलस) आहे, गर्भवतींना आहे. त्यानंतर ठरलेले असे काही नाही. साठीचा शेतकरी, गोठा सांभाळणारी म्हातारी, गटारात उतरणारा कामगार, यांच्या रक्तात लहानपणी मिळालेले संरक्षण, मिळाले असेलच तर, केव्हाच ओसरलेले असते. जखम झाल्यावर त्यांना एक इंजेक्शन मिळते, पण आधी एकही डोस न घेतलेल्याला ते एक पुरत नाही. मळकी जखम असेल तर तयार प्रतिपिंडांचीही गरज असते, आणि पुढचे डोस घ्यायला बोलवावे लागते. चिठ्ठीवर ही पुढची तारीख लिहिणारे बाह्यरुग्ण विभाग फार थोडे आहेत. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी हे प्रकरण आधी वाचावे, आणि वाचून झाल्यावर घरातल्या थोरल्यांना विचारावे की शेवटचा डोस कधी घेतला होता.